जुलाब झाल्यावर नुसतं पाणी का पुरत नाही? शरीरातील पाणी व क्षारांचा समतोल



‘पाण्याचे महत्त्व’ हा भाग शिकवताना पाचवी-सहावीच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो : “जुलाब झाले की अंगातलं पाणी जातं, मग नुसतं पाणीच प्यायचं ना? त्यात साखर-मीठ कशाला घालायचं?” प्रश्न अगदी रास्त आहे. ‘ताकद येते म्हणून’ हे याचं सगळीकडे ऐकू येणारं उत्तर मात्र बरोबर नाही. खरं उत्तर समजलं, तर तहान का लागते, घाम खारट का असतो, सलाईन का लावतात आणि ओआरएसचं पाकीट एका पेल्यात का ओतायचं नाही, हे सगळं एकाच धाग्यात उलगडतं.

आज तोच धागा आपण सोप्या भाषेत समजून घेऊ या. शेवटी वर्गात करायच्या कृती, पालकांसाठी सूचना आणि स्वाध्याय दिला आहे.

१. अंगात पाणी किती आणि ते असतं कुठे?

प्रौढ पुरुषाच्या वजनापैकी साधारण ६० टक्के, तर प्रौढ स्त्रीच्या वजनापैकी साधारण ५० टक्के पाणी असतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळात हे प्रमाण ७५ टक्क्यांच्या आसपास असतं.

७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे ४२ लिटर पाणी असतं. ते टाकीत साठवल्यासारखं एका जागी नसतं. त्याच्या तीन जागा आहेत :

• पेशींच्या आत : सुमारे २८ लिटर, म्हणजे दोन तृतीयांश.
• पेशींच्या अवतीभवती : सुमारे १०-११ लिटर.
• रक्तवाहिन्यांत, रक्तद्रवाच्या रूपात : सुमारे ३ ते साडेतीन लिटर.

मुलांना सांगताना घराचं उदाहरण द्या. पेशी म्हणजे खोल्या, अवतीभवतीचं पाणी म्हणजे अंगण आणि रक्त म्हणजे दारावरून जाणारा रस्ता. सामान रस्त्यावरून येतं, अंगणात उतरतं आणि मग खोलीत जातं. कचरा उलट्या वाटेने बाहेर पडतो. या तिन्ही ठिकाणचं पाणी ठरावीक प्रमाणात राहिलं तरच घर नीट चालतं.

२. क्षार म्हणजे नेमकं काय?

मीठ पाण्यात टाकलं की दिसेनासं होतं. आपण म्हणतो ‘विरघळलं’. प्रत्यक्षात मिठाचे दोन भाग सुटे होतात : सोडिअम आणि क्लोराइड. सोडिअमवर धन विद्युतभार असतो, क्लोराइडवर ऋण. अशा विद्युतभारित कणांना आयन म्हणतात. जे पदार्थ पाण्यात विरघळून असे आयन देतात आणि त्यामुळे द्रावणातून वीज वाहू शकते, ते इलेक्ट्रोलाइट. साखरही विरघळते, पण तिचे आयन होत नाहीत, म्हणून साखर इलेक्ट्रोलाइट नाही.

सोडिअम, पोटॅशिअम, क्लोराइड, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, बायकार्बोनेट हे शरीरातले महत्त्वाचे इलेक्ट्रोलाइट. बोलीभाषेत आपण यांना ‘क्षार’ म्हणतो. यातल्या दोघांच्या जागा मुलांच्या पक्क्या लक्षात राहिल्या पाहिजेत :

• सोडिअम मुख्यतः पेशीच्या बाहेर. रक्तात त्याचं प्रमाण लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असतं.
• पोटॅशिअम मुख्यतः पेशीच्या आत. रक्तात ते फक्त साडेतीन ते पाच मिलिमोल, पण पेशीत सुमारे १४०.

ही वाटणी आपोआप टिकत नाही. प्रत्येक पेशीच्या आवरणात लहान लहान ‘पंप’ असतात. हा पंप एका फेरीत सोडिअमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशिअमचे दोन आत घेतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनी १९५७ साली या पंपाचा शोध मांडला. त्यासाठी १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. आपण झोपलेलो असतानाही हे पंप चालूच असतात आणि शरीराची बरीच ऊर्जा त्यांच्यावर खर्च होते.

एवढा खर्च कशासाठी? आत-बाहेरच्या या फरकामुळेच मज्जातंतूंतून संदेश जातात, स्नायू आखडतात आणि हृदयाचे ठोके लयीत पडतात. पोटॅशिअम फार घटलं की हातपाय गळून जातात, पोट फुगतं, ठोके अनियमित होतात. हा फरक म्हणजे शरीराची चार्ज केलेली बॅटरीच.

३. मुख्य नियम : जिथे क्षार जास्त, तिकडे पाणी जातं

हा नियम आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसतो. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळाने भांड्यात पाणी सुटतं. ते वरून कोणी ओतलेलं नसतं, फोडींमधूनच बाहेर आलेलं असतं. काकडीच्या कोशिंबिरीला आधीच मीठ घातलं तर ती पाणचट होते, त्याचं कारण हेच. उलट, सुकलेल्या मनुका साध्या पाण्यात भिजवल्या की टम्म फुगतात.

पेशीच्या पातळ आवरणातून पाणी सहज ये-जा करतं, क्षार मात्र तसे मोकळेपणाने जाऊ शकत नाहीत. म्हणून ज्या बाजूला विरघळलेले कण जास्त, त्या बाजूला पाणी सरकतं. याला परासरण म्हणतात.

आता हाच नियम शरीराला लावू या. रक्तातल्या तांबड्या पेशी साध्या पाण्यात टाकल्या तर पाणी आत शिरून त्या फुगतात आणि फुटतात. फार खारट पाण्यात टाकल्या तर आतलं पाणी बाहेर जाऊन त्या सुरकुततात. लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ असलेल्या द्रावणात त्या जशाच्या तशा राहतात. दवाखान्यातलं ‘नॉर्मल सलाईन’ म्हणजे हेच ९ ग्रॅमचं द्रावण. त्यात ताकदीचं औषध वगैरे काही नसतं. थकवा आला म्हणून ‘एक बाटली लावा’ असा आग्रह धरणाऱ्यांना हे जरूर सांगा.

थोडक्यात, शरीराला पाण्याची जेवढी गरज आहे तेवढीच प्रमाणाचीही आहे. पाणी कमी पडलं तर त्रास, क्षार कमी पडले तर त्रास, आणि दोघांचं प्रमाण बिघडलं तरीही त्रास.

४. रोजचा जमाखर्च

फार ऊन नसलेल्या दिवशी प्रौढ माणसाचा पाण्याचा हिशेब साधारण असा असतो :

जमा : पाणी, चहा, ताक इत्यादी पेये १५०० मिली, वरण-भात, रसभाजी, फळे यांतून ७०० मिली, अन्नाचं ज्वलन होताना शरीरातच तयार होणारं पाणी ३०० मिली. एकूण २५०० मिली.

खर्च : लघवी १५०० मिली; श्वास आणि त्वचा यांतून नकळत जाणारं ९०० मिली; शौचावाटे १०० मिली. एकूण २५०० मिली.

हे आकडे माणसागणिक आणि हवामानानुसार बदलतात. मात्र जमा आणि खर्च जुळले पाहिजेत. ते जुळवण्याचं काम तिघे मिळून करतात.

मूत्रपिंडे : मुठीएवढी दोन मूत्रपिंडे दिवसभरात रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. १५ लिटरचा हंडा धरला तर बारा हंडे! एवढं पाणी बाहेर गेलं तर आपण तासाभरातच संकटात सापडू. म्हणून त्यातलं सुमारे ९९ टक्के पाणी आणि शरीराला हवे तेवढे क्षार परत रक्तात घेतले जातात. उरते ती दीड-दोन लिटर लघवी. मूत्रपिंडाचं काम ‘घाण बाहेर टाकणे’ असं एका ओळीत सांगितलं जातं, पण काय परत घ्यायचं हे ठरवणं हे त्याहून मोठं काम आहे.

मेंदू : मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात रक्ताचा दाटपणा ओळखणाऱ्या पेशी असतात. रक्त एक-दोन टक्के दाट झालं तरी त्यांना कळतं. त्या दोन गोष्टी करतात. एक, तहान लावतात. दोन, पियुषिका ग्रंथीमार्फत एडीएच नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. ते मूत्रपिंडांना सांगतं, ‘पाणी राखा’. मग लघवी कमी आणि गडद पिवळी होते. भरपूर पाणी प्यायलो की हे संप्रेरक कमी होतं आणि लघवी जास्त, फिकट होते.

अधिवृक्क ग्रंथी : मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथी अल्डोस्टेरोन हे संप्रेरक तयार करतात. ते सोडिअम राखायला आणि जास्तीचं पोटॅशिअम बाहेर टाकायला सांगतं. सोडिअम राखलं की त्यामागे पाणीही राहतं. वर पाहिलेलाच नियम!

५. जुलाबात नेमकं काय बिघडतं?

आपण दिवसात दोनेक लिटर पाणी पितो. पण लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, आतड्यातला रस असे आणखी सुमारे ७ लिटर द्रव शरीर स्वतःच पचनमार्गात सोडतं. म्हणजे रोज सुमारे ९ लिटर द्रव आतड्यातून जातो, आणि शौचावाटे बाहेर पडतो फक्त १००-२०० मिली. बाकी सगळा परत शोषला जातो.

जुलाबात ही शोषणाची व्यवस्था कोलमडते. कॉलऱ्यात तर जंतूंच्या विषामुळे आतड्याच्या पेशी क्लोराइड आतड्यात सोडू लागतात. त्यामागे सोडिअम जातं आणि त्यामागे पाणी. म्हणून जुलाबातून केवळ पाणी जात नाही. सोडिअम, पोटॅशिअम, क्लोराइड आणि बायकार्बोनेटही जातात.

लहान मुलांना धोका जास्त का, हे एका गणिताने समजतं. ६० किलोच्या माणसाच्या शरीरातून एक लिटर पाणी गेलं तर ते त्याच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून कमी. १० किलोच्या बाळाच्या शरीरातून तेवढंच एक लिटर गेलं तर ते थेट १० टक्के, म्हणजे जिवावर बेतणारं निर्जलीकरण. ‘मोठ्यांनाही जुलाब होतात, थांबतील उद्या’ हा हिशेब बाळाला लागू पडत नाही, तो यामुळेच.

६. मग साखर कशाला?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गेलेलं पाणी आणि मीठ परत द्यायचं हे समजलं. पण मीठ-पाणी प्यायलं तरी बिघडलेलं आतडं ते नीट शोषत नाही. इथे साखर कामाला येते.

लहान आतड्याच्या पेशींवर एक खास दार असतं. ते दार ग्लुकोज आणि सोडिअम जोडीने आले तरच उघडतं. एकटं सोडिअम तिथून जाऊ शकत नाही, एकटं ग्लुकोजही नाही. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने ही कल्पना १९६० साली मांडली. महत्त्वाची गोष्ट अशी की जुलाबात, अगदी कॉलऱ्यातही, हे जोडीचं दार चालू राहतं. ग्लुकोजसोबत सोडिअम आत जातं आणि सोडिअममागे पाणी.

म्हणजे साखर ही इथे चवीला नाही आणि ताकदीलाही नाही. साखर मिठाला आत नेते, आणि मीठ पाण्याला आत नेतं. मुलांना हे एक वाक्य पाठ झालं तरी धडा सार्थकी लागला.

साखर जास्त घातली तर फायदा जास्त, असं मात्र नाही. आतड्यात साखर फार झाली की तीच पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. म्हणूनच जुलाबात कोल्ड्रिंक किंवा बाटलीबंद गोड सरबतं देऊ नयेत.

७. बोनगावची छावणी आणि चिमूटभर मीठ

१९७१. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बोनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत चालल्या होत्या. त्याआधी १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी तोंडाने द्यायच्या द्रावणाचा उपयोग रुग्णांवर दाखवून दिला होता, पण तो रुग्णालयात, प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली.

बोनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांनी तोच उपाय छावणीत आणला. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणाच्या पुड्या कोलकात्यात बांधून घेतल्या. पिंपांत द्रावण तयार केलं आणि ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. तिथला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आला. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ मध्ये या उपचारामागच्या शोधाची गणना शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत केली. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये गेले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

पुढची गोष्ट तर खास आपल्या शिक्षकांसाठी आहे. १९८० च्या दशकात बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या महिला कार्यकर्त्या घरोघर गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, एवढंच त्या आयांना शिकवत. दहा वर्षांत एक कोटी वीस लाखांहून जास्त घरांत हा धडा पोचला. कार्यकर्तीचं मानधन किती घरं झाली यावर ठरत नसे. नंतर दुसरी व्यक्ती जाऊन बघे की आईला किती आठवतंय आणि तिने केलेलं द्रावण बरोबर आहे का. त्यावर मानधन ठरे. ‘शिकवून झालं’ आणि ‘शिकलं गेलं’ यांतला फरक इतक्या नेमकेपणाने मोजलेला क्वचितच दिसेल. आपल्या वर्गातही मुलांनी लिहिलेल्या उत्तरापेक्षा त्यांनी केलेलं द्रावण तपासायला हवं, ते याचसाठी.

८. प्रमाण, प्रमाण आणि प्रमाण

जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठीच्या ओआरएसमध्ये (जलसंजीवनीत) पुढील घटक असतात :

• ग्लुकोज : १३.५ ग्रॅम
• मीठ (सोडिअम क्लोराइड) : २.६ ग्रॅम
• ट्रायसोडिअम सायट्रेट : २.९ ग्रॅम
• पोटॅशिअम क्लोराइड : १.५ ग्रॅम

एकूण २०.५ ग्रॅम. यात सोडिअम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरमागे ७५ मिलिमोल, अगदी समसमान आहेत. जोडीचं दार आठवतंय ना?

पाकीट मिळेपर्यंत घरी असं द्रावण करता येतं : उकळून थंड केलेलं १ लिटर पाणी, ६ सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. छोटा चमचा म्हणजे ५ मिलीचा. घरोघरचे चमचे वेगवेगळे असतात, म्हणून औषधाच्या बाटलीसोबत येणारं माप वापरावं. मीठ २.५ मिलीच्या खुणेपर्यंत, साखर एकूण ३० मिली.

या घरगुती प्रमाणामागेही गणित आहे. ६ चमचे साखर साधारण २५ ग्रॅम होते. आपली साखर पचली की तिचं निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज होतं. म्हणजे ग्लुकोज झालं साधारण १३ ग्रॅम. पाकिटातल्या साडेतेराच्या जवळच! घरगुती द्रावणात पोटॅशिअम मात्र नसतं. म्हणून सोबत केळं, डाळीचं पाणी, नारळपाणी द्यावं. नुसतं नारळपाणीही पुरत नाही, कारण त्यात पोटॅशिअम भरपूर पण सोडिअम कमी असतं. मीठ घातलेली तांदळाची पेज चांगली, कारण तांदळातल्या पिष्टापासून हळूहळू ग्लुकोजच मिळतं.

आता सर्वांत धोक्याची गोष्ट. एक लिटरचं पाकीट २०० मिलीच्या पेल्यात ओतलं तर द्रावण पाचपट तीव्र होतं. बाळाच्या रक्तातलं सोडिअम वाढतं, पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं, झटकेही येऊ शकतात. ‘थोडं जास्त घातलं तर लवकर बरं वाटेल’ हा विचार इथे चालत नाही. २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून पाकिटावर किती पाण्यासाठी लिहिलंय ते आधी वाचावं. तयार द्रावणाची चव घ्यावी. ते अश्रूंपेक्षा खारट लागलं तर टाकून द्यावं.

दुकानातून घेतानाही लेबल वाचा. ओआरएससारखं नाव असलेली, पण भरपूर साखरेची पेयं बाजारात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरायला मनाई केली. औषधाच्या दुकानात ‘जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस द्या’ असं स्पष्ट मागा. आशाताईंकडे आणि सरकारी आरोग्य केंद्रात ते मोफत मिळतं.

९. ऊन, घाम आणि अति पाणी

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुटताना सुद्धा ऊन कडक असतं. खेळून आलेल्या मुलाच्या गडद शर्टावर पांढरे डाग दिसतात, ते घामातून निघालेलं मीठ. घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो, म्हणजे घामातून क्षारांपेक्षा पाणी तुलनेने जास्त जातं. त्यामुळे रोजच्या खेळासाठी पाणी आणि घरचं जेवण पुरेसं आहे. तासन्‌तास उन्हात काम किंवा सराव असेल तेव्हा मीठ घातलेलं ताक, पन्हं, लिंबू सरबत उपयोगी पडतं. ओआरएस रोजचं सरबत म्हणून पिऊ नये.

याच्या उलट टोकही आहे. खूप घाम आल्यावर थोड्या वेळात प्रमाणाबाहेर नुसतं पाणी प्यायलं, तर रक्तातलं सोडिअम पातळ होतं. मग पाणी पेशींत शिरतं आणि पेशी फुगतात. इतर ठिकाणी थोडं फुगणं खपतं, पण कवटीत मेंदूला फुगायला जागा नसते. डोकेदुखी, उलटी, गोंधळलेपणा, झटके अशी लक्षणं दिसतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यतीनंतर तपासलं, तेव्हा १३ टक्के धावपटूंचं सोडिअम कमी निघालं. त्यात वाटेत खूप पाणी पिऊन शर्यतीअखेर वजन वाढलेले धावपटू विशेष होते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी देऊ नये, याचंही एक कारण हेच. त्याला लागणारं पाणी आईच्या दुधातून मिळतं.

१०. वर्गात करायच्या कृती

कृती १ : बटाट्याच्या चकत्या. सारख्या जाडीच्या दोन चकत्या घ्या. एक पेलाभर साध्या पाण्यात, दुसरी दोन चमचे मीठ घातलेल्या पेलाभर पाण्यात ठेवा. दोन तासांनी वाकवून पाहा. साध्या पाण्यातली ताठ, मिठातली लुळी. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा, मग चकत्या बाहेर काढा.

कृती २ : दिवा लागतो का? ९ व्होल्टची बॅटरी, एलईडी आणि तारा जोडून दोन मोकळी टोकं डिस्टिल्ड पाण्यात धरा, मग साखरेच्या पाण्यात, मग मिठाच्या पाण्यात. फक्त मिठाच्या पाण्यात दिवा उजळेल. नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतात, त्यामुळे त्यातही तो मंद लागू शकतो. ही कृती शिक्षकांनी स्वतः काही सेकंदच, खिडक्या उघड्या ठेवून करून दाखवावी. टोकं एकमेकांना टेकू देऊ नका, एलईडी जळेल.

कृती ३ : द्रावण करा. प्रत्येक गटाला लिटरची बाटली, माप, साखर, मीठ द्या. पट्टीने चमचा सपाट कसा करायचा ते दाखवा. एका गटाचं प्रमाण दुसऱ्या गटाने तपासावं. पंधरा दिवसांनी न सांगता हीच कृती पुन्हा घ्या. खरं मूल्यमापन तेव्हाच होईल.

११. पालकांसाठी

• जुलाब सुरू होताच ओआरएस सुरू करा, तब्येत बिघडायची वाट पाहू नका. प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला ५०-१०० मिली, त्यापेक्षा मोठ्या मुलाला १००-२०० मिली.
• चमच्याने किंवा घोटाघोटाने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून आणखी सावकाश पुन्हा सुरू करा.
• आईचं दूध आणि नेहमीचं अन्न बंद करू नका. झिंकच्या गोळ्या डॉक्टर किंवा आशाताई सांगतील तेवढे दिवस पूर्ण द्या.
• तयार द्रावण झाकून ठेवा, २४ तासांनंतर टाकून द्या.
• बाळ मलूल पडलं, पिईनासं झालं, डोळे किंवा टाळू खोल गेली, पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसली, सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा शौचात रक्त दिसलं, तर ताबडतोब दवाखाना गाठा. वाटेतही ओआरएस पाजत राहा.
• घरात मूत्रपिंड, हृदय किंवा रक्तदाबाचा रुग्ण असेल तर पाणी आणि मीठ किती, हे डॉक्टरांनाच विचारा.

शिक्षक आणि पालक दोघांसाठी आणखी एक गोष्ट. शाळेतलं स्वच्छतागृह अस्वच्छ असेल, दाराला कडी नसेल, तर मुली सकाळपासून पाणी पिणं टाळतात. मग डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, वर्गात लक्ष लागत नाही. अशा शाळेत पाण्याचे फायदे फळ्यावर लिहून उपयोग नाही. पालक सभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह हे दोन विषय एकत्रच घ्यायला हवेत.

१२. स्वाध्याय

१. लोणच्याच्या कैरीला मीठ लावल्यावर पाणी कुठून येतं?
२. साखर आणि मीठ यांपैकी इलेक्ट्रोलाइट कोणता? कसं ओळखाल?
३. ८ किलो वजनाच्या बाळाच्या शरीरातून ४०० मिली पाणी गेलं. वजनाच्या किती टक्के?
४. ओआरएसमध्ये साखर कशासाठी असते? ‘ताकदीसाठी’ हे उत्तर का चूक?
५. एक लिटरचं पाकीट एका पेल्यात ओतलं तर पेशींचं काय होईल? कारण सांगा.

(उत्तरे : १. फोडींतल्या पेशींमधून. २. मीठ, द्रावणातून वीज वाहते. ३. ५ टक्के. ४. ग्लुकोज सोडिअमला आतड्यातून आत नेतं आणि त्यामागे पाणी जातं. साखर थोडीच असते आणि तिचं काम शोषणाचं आहे. ५. बाहेर क्षार जास्त झाल्याने पेशींतलं पाणी बाहेर जाऊन त्या आक्रसतील.)

पाचवा प्रश्न मुलांना घरी आजी-आजोबांनाही समजावून सांगायला लावा. बाळ आजारी पडतं तेव्हा पाकीट फोडणारा हात बहुधा घरातल्याच कुणाचा असतो. त्या हाताजवळ प्रमाण माहीत असलेलं एक मूल उभं असलं, तर या धड्याचं चीज झालं.